मला ‘आलोच’ म्हणता येत नाही

मी एक मायक्रोप्रोसेसर बोलतोय. नाव ऐकून दबकू नका. तुमच्या फोनमध्ये बसून गाणी वाजवणारा, तुमचे फोटो आहेत त्यापेक्षा बरे करून दाखवणारा आणि दिवसभर मिरवणारा तो मी नव्हे. तो आमच्या घराण्यातला श्रीमंत. मी नखाएवढा, काळा, बिनचेहऱ्याचा, कागद कापायच्या यंत्राच्या पोटात पत्र्याच्या झाकणाखाली बसलेला. अंगावर कागदाची भुकटी साचली आहे आणि मला कोणी साधं ‘काय रे, बरा आहेस ना’ म्हणूनही विचारत नाही.

माझी तक्रार नाही. म्हणजे आहे, पण ती पुढे येईल. येईल म्हटलं, आलीच म्हटलं नाही. हा फरक लक्षात ठेवा, कारण माझं सगळं आयुष्य या फरकावर उभं आहे.

मला एकच काम येतं. यंत्राच्या तोंडाशी प्रकाशाचा एक पडदा असतो, डोळ्यांना न दिसणारा. पातं खाली येत असताना त्या पडद्यात माणसाचा हात शिरला, की पातं थांबवायचं. वेळेवर. फार आधी थांबवलं म्हणून कोणी बक्षीस देत नाही, आणि उशिरा थांबवलं तर न थांबवल्यासारखंच. तुम्हा माणसांना ‘लवकर’ आणि ‘वेळेवर’ यांतलं अंतर कळत नाही. तुम्ही लवकर लवकर करता आणि शेवटी उशिराच पोहोचता.

पुस्तकात लिहितात की आमचा जन्म वाळूतून होतो. खोटं नाही, पण वाळू हे फार तर माझं आजोळ. माझा खरा जन्म एका ऑफिसातल्या फळ्यावर झाला, बाईंच्या हातून.

बाई म्हणजे आराखडे करणाऱ्या विभागाच्या प्रमुख. त्यांच्यामागे सगळे त्यांना घड्याळबाई म्हणत. कारण कोणी ‘लगेच देतो’ म्हणालं की त्या शांतपणे विचारत, ‘लगेच म्हणजे किती?’ समोरचा हसायचा. बाई हसायच्या नाहीत. मग समोरच्याच्या नाकाला मिरच्या झोंबायच्या आणि काम आणखी लांबायचं.

त्यांची खरी चीड होती ती ‘आलोच’ या शब्दावर, आणि ती माझ्यात उतरली आहे. जरा विचार करून बघा. ‘आलो’ हा भूतकाळ. म्हणजे येऊन झालं. त्याला ‘च’ चिकटवला की शंकेला जागाच उरली नाही. आणि माणूस हे म्हणतो कधी? पायात चप्पलसुद्धा नसते तेव्हा. ‘निघालोच’ हे अंगाला साबण लावलेला असताना म्हणतात. ‘झालंच’ म्हणजे अजून सुरुवात व्हायची आहे. ‘पाठवलंच’ म्हणजे कुठे पाठवायचं ते पुन्हा एकदा सांगा. न झालेली गोष्ट झाली म्हणून सांगायची आणि वर ठासून सांगायची, ही विद्या मला जन्मात जमणार नाही. माझ्याकडे झालं तर झालं, नाही तर नाही.

या विद्येचा महामहोपाध्याय म्हणजे बाईंचा दादा. त्याचा पुस्तकं बांधायचा कारखाना आहे. कारखाना म्हणायला; आहे एक लांबट खोली, खळीचा वास, शिवायला ठेवलेल्या पानांच्या चळती आणि मागच्या दारापलीकडे घर. बाई लहान असताना त्यांना शाळेतून आणायचं काम दादाकडे होतं. ‘आलोच’ असा निरोप यायचा आणि बाई फाटकाशी पहारेकऱ्याशेजारी बसून इतर पोरांना घरी जाताना बघायच्या. एकदा त्यांनी रडून आकांत केला. उद्या वेळेवर आला नाहीस तर तुझ्याशी कट्टी म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी दादानं खरंच मनावर घेतलं. चिंगी, म्हणजे बाई, वाट बघतेय म्हणून घाईघाईनं शेवटचा गठ्ठा जुन्या यंत्रात सरकवला आणि करंगळीचं टोक पात्याखाली सोडून आला. शाळेत पोहोचला तो हाताला पंचा गुंडाळून, आणि वेळेवर.

पुढे दादानं त्याचाही विनोद करून टाकला. ‘मी साडेनऊ बोटांचा बाइंडर,’ असं तो गिऱ्हाइकांना सांगतो. बाईंनी उशिराबद्दल तोंड उघडलं की म्हणतो, ‘बघ, वेळेवर यायला गेलो की असं होतं.’ सगळे हसतात. बाई आजवर एकदाही हसलेल्या नाहीत.

मला आखायला घेतलं तेव्हा बाईंनी आधी विचार केला माझ्या कारभारणीचा. प्रोसेसर एकटा काही करत नाही. त्याच्यावर एक कारभारीण बसवलेली असते, ऑपरेटिंग सिस्टीम. कोणतं काम आधी, कोणतं नंतर, हे ती ठरवते. माझी कारभारीण रिअल-टाइम जातीची, म्हणजे अंगानं लहान आणि स्वभावानं कडक. तिचं म्हणणं एवढंच, की प्रत्येक कामाला वेळ बांधून दिलेली असावी आणि आभाळ कोसळलं तरी ती चुकू नये. एरवी घर आधी बांधतात आणि मग घरात येणारीला म्हणतात, घे आता सांभाळून. बाईंनी आधी तिला काय हवं ते पाहिलं आणि त्याप्रमाणे भिंती घातल्या.

एके ठिकाणी मात्र घोडं अडलं. हातात एक काम असताना दुसरं तातडीचं आलं, तर हातातलं खाली ठेवावं लागतं, कुठे ठेवलं ते लक्षात ठेवावं लागतं, आणि मग नव्या कामाला हात लागतो. यात कधी थोडा वेळ जायचा, कधी जास्त. कारभारणीला हे ‘कधी कधी’ अजिबात खपत नव्हतं.

उत्तर सापडलं बाईंच्या ओट्याशी. त्या कणीक मळत होत्या, हात मनगटापर्यंत बरबटलेले, आणि शेगडीवर दूध वर आलं. हात धुवेपर्यंत ते ओट्यावरून जमिनीवर. बाई पुसता पुसता थांबल्या आणि मोठ्यानं म्हणाल्या, ‘दुसरे हात हवेत!’

बाहेरून सासूबाई म्हणाल्या, ‘मदतीला कोणीतरी ठेव म्हणून मी कधीची सांगतेय.’

घरी कोणाला ठेवलं की नाही ते मला माहीत नाही, पण मला हातांचा दुसरा जोड मिळाला. कायम धुतलेला, कायम रिकामा. पडद्यात हात शिरल्याची घंटा झाली की पहिल्या हातातलं काम आहे तिथे सोडायचं आणि दुसऱ्या हातांनी पातं धरायचं. त्याला लागणारा वेळ दर वेळी तेवढाच, ना कमी ना जास्त. हा माझा एकुलता एक दागिना.

आणखी एक सांगायचं राहिलं. माझा आराखडा खुला होता. कुलूप नाही, किल्ली नाही, कोणीही बघावा, वापरावा, चूक काढावी. याचा फायदा होतो. कुठल्याशा गावच्या निवृत्त मास्तरांनी माझी वजाबाकी एका जागी चुकतेय असं कळवलं आणि ती खरंच चुकत होती. पण दार उघडं ठेवलं की आत येणारे सगळेच मास्तर नसतात. एकानं सुचवलं की मला हिरवा रंग द्यावा. दुसऱ्यानं मला कविता करता याव्यात अशी इच्छा व्यक्त केली. आणि मधल्या एका तारेला नाव काय द्यायचं यावर जो वाद पेटला, तो माझ्या अख्ख्या आराखड्यापेक्षा जास्त चालला. जुन्या मित्रांनी एकमेकांशी बोलणं टाकलं. शेवटी बाईंच्या लक्षात आलं की ती तार लागतच नाही. त्यांनी ती काढून टाकली, तेव्हा दोन्ही पक्षांनी एक होऊन बाईंच्या नावानं बोटं मोडली.

बाईंच्या वरचे साहेब मात्र खुलेपणावर फार खूश होते. त्यांनी मोठ्या सभागृहात भाषण ठोकलं. ‘आमचं ज्ञान सगळ्या जगाचं आहे! आमच्याकडे लपवण्यासारखं काही नाही!’ टाळ्या पडल्या, साहेबांचा फोटो छापून आला. या साहेबांना ऑफिसात सरासरीसाहेब म्हणत. पगार, हवामान, लोकांचं समाधान, काहीही विचारा, ते सरासरी सांगत. कोणी म्हणालं की मला ताप आहे, तर ते विभागाचं तापमान काढून त्याला घरी जाऊ देत नसत.

मी तयार झालो आणि साहेबांनी पहिला प्रश्न विचारला, ‘वेग काय?’

बाईंनी सांगितला.

‘एवढाच?’

‘एवढाच. पण कायम एवढाच.’

‘बाई, कायम एवढाच हे काय कौतुकानं सांगता? बाजारात लोक वेग बघतात.’

म्हणून माझा धाकटा भाऊ काढण्यात आला. माझ्याच आराखड्यावर, पण आत अंदाज बांधणारा एक कप्पा घालून. पुढे कोणतं काम येणार हे धाकटा आधीच ताडतो आणि कोणी सांगायच्या आत करून ठेवतो. अंदाज बरोबर निघाला तर वा रे वा. चुकला तर केलेलं सगळं उसवायचं आणि पुन्हा पहिल्यापासून. थोडक्यात, धाकट्याला ‘आलोच’ म्हणता येतं. असा पोरगा सगळ्यांचा लाडका होणार नाही तर काय. कारभारणीनं मात्र त्याला पाहिलं आणि कपाळाला हात लावला.

मग यंत्रं बनवणारे पाहुणे आले. त्यांच्यासमोर आमची परीक्षा ठेवली. माणसाच्या बोटाऐवजी गाजर घेतलं होतं. आधी मी. गाजर आत गेलं, पातं थांबलं. पुन्हा आत गेलं, पुन्हा तिथेच थांबलं. पाहुण्यांनी जांभया दिल्या. मग धाकटा. त्याचं पातं इतकं वरच थांबायचं की पाहुणे ‘ओहो’ करायचे. एकानं तर टाळी वाजवली.

आणि मग एका खेपेला त्याचे अंदाज एकदमच चुकले. एक उसवतोय तोवर दुसरा, दुसऱ्यात पाय अडकतो तोवर तिसरा. एकेक चूक चिमूटभर, पण सगळ्या एकीमागे एक लागल्या. खट् असा आवाज झाला. गाजराचं टोक टेबलावरून घरंगळत जाऊन साहेबांच्या बुटाशी थांबलं.

साहेबांनी घसा साफ केला आणि म्हणाले, ‘सरासरी काढली तर गाजराला काहीही झालेलं नाही.’

बाई म्हणाल्या, ‘साहेब, बोट सरासरीनं तुटत नाही.’

‘भावनेच्या आहारी जाऊ नका, बाई. ते गाजर आहे.’

पाहुण्यांतले एक वडीलधारे समजुतीनं म्हणाले, ‘आणि मी म्हणतो, हात आत घालतोच कोण? आपण सूचना लावू की.’ सगळ्यांच्या जिवात जीव आला. अशा रीतीनं माझ्या जागेवर धाकटा बसला आणि जोडीला एक पिवळा स्टिकर लागला, ‘हात आत घालू नये’. त्या स्टिकरनं आजवर एकही पातं थांबवलेलं नाही, पण रंगाला पक्का आहे.

आम्हा थोरल्यांची रवानगी भंगाराच्या डब्यात झाली. बाई भांडल्या, बैठकीतून उठून गेल्या, पुन्हा येऊन भांडल्या. साहेबांनी त्यांना थोडे दिवस सुट्टी घेण्याचा सल्ला दिला. पुढे धाकट्याची यंत्रं बाजारात आली आणि दादाचा फोन आला.

‘चिंगे, नवं यंत्र घेतलं! तुमच्याच कंपनीचा मेंदू आहे म्हणे आत. म्हटलं, बहिणीच्या हातचं आहे, डोळे झाकून घ्यावं.’

बाईंच्या तोंडचं पाणी पळालं. ‘दादा, मी येईपर्यंत ते चालू करू नकोस.’

‘नाही करत. तू ये आरामात.’ मागून पात्याचा आवाज येतच होता.

बाई तशाच साहेबांच्या खोलीत गेल्या. ‘साहेब, भंगाराच्या डब्यातला एक प्रोसेसर नेऊ का?’

‘न्या की. टेबलावरचे कागद उडू नयेत म्हणून ठेवायला होईल.’ नखाएवढ्या प्रोसेसरनं किती कागद दाबायचे, याचीही त्यांनी सरासरी काढली असावी. मग त्यांना काहीतरी आठवलं. ‘पण आराखडा बाहेर जाता कामा नये हं. तो आता कंपनीचा.’

‘आराखडा बाहेरच आहे, साहेब. पहिल्या दिवसापासून. तुम्ही टाळ्या घेतल्यात त्याच्यावर.’

साहेबांनी फोन उचलला आणि तो वाजत नसतानाच ‘हॅलो’ म्हणाले.

मी चष्म्याच्या डबीत बसून कारखान्यात आलो. बाईंनी यंत्राच्या झाकणाचे स्क्रू काढायला घेतले तसा दादा कासावीस झाला. ‘अगं, नवं कोरं यंत्र! गॅरंटी जाईल!’

‘गेली तर मी देते गॅरंटी. सरक.’

धाकटा निघाला, मी बसलो. जाताना बाईंनी यंत्राची दोन बटणं दाखवून बजावलं. दोन्ही हात दोन बटणांवर असले तरच पातं खाली येतं, म्हणजे हात आत जायची सोयच नाही. दादानं शहाण्या मुलासारखी मान डोलावली. आणि बाईंची गाडी कोपऱ्यावरून वळली नसेल तोच त्यानं डाव्या बटणात लाकडाची पाचर ठोकली. एक हात मोकळा झाला की काम लवकर होतं म्हणे. पुन्हा तेच, लवकर.

धाकट्याचं काय झालं विचाराल, तर बाईंनी त्याला एका खेळण्याच्या गाडीत बसवून दिलं. पोरांबरोबर शर्यती लावतो, भिंतीवर आपटतो, सगळे हसतात. त्याच्यावर माझा राग नाही. गुणी पोरगा आहे, त्याला चुकीच्या जागी बसवला होता.

मी कामाला लागलो. गठ्ठा, दाब, पातं. गठ्ठा, दाब, पातं. एका संध्याकाळी दादा शाळेच्या पुस्तकांच्या कडा कापत होता. काम अंगावर आलेलं, खळीनं सगळं चिकट झालेलं. मागच्या दारातून वहिनींनी हाक मारली, ‘अहो, चहा निवतोय. येताय ना?’

‘आलोच!’ दादा मान मागे वळवून ओरडला. उजव्या हातानं बटण दाबलेलं होतं. गठ्ठ्यातून एका कागदाचं टोक बाहेर आलं होतं आणि वर्षानुवर्षांच्या सवयीनं त्याचा डावा हात, त्याला न विचारता, ते टोक आत सारायला गेला.

घंटा झाली. मी पहिल्या हातातलं सगळं सोडलं आणि दुसऱ्या हातांनी पातं धरलं. ‘थांबवलंच’ म्हणालो नाही. थांबवलं. पातं त्याच्या नखांच्या वर थांबलं, आणि खरं सांगतो, मला भीती वाटली. आमच्यासारख्यांना भीती नसते म्हणतात, पण मला वाटली.

दादानं मान पुढे वळवली तोवर हात सवयीनंच बाहेर आलेला होता. त्याला दिसलं फक्त थांबलेलं पातं. त्यानं झाकणावर दणका घातला. ‘पडलं मेलं बंद!’ आयुष्यातलं सगळ्यात मोठं काम मी केलं आणि बक्षीस म्हणून डोक्यात धपाटा मिळाला. हीच ती माझी तक्रार.

त्यानं लगेच बहिणीला फोन लावला. हात चिकट, म्हणून फोन स्पीकरवर टाकून, टेबलावर ठेवून मोठ्यानं बोलत होता.

‘चिंगे, तुझा हा नग परत ने. मधेच रुसून बसतो. आधीचा काय वाईट होता?’

‘कधी थांबला?’

‘आत्ता! एवढं काम पडलंय आणि याची नाटकं.’

‘तेव्हा तू काय करत होतास?’

‘काय करणार, कापत होतो. तुझी वहिनी चहाला बोलवत होती, मी मागे बघून आलोच म्हटलं, आणि पुढे बघतो तर हा थांबलेला.’

‘उजवा हात कुठे होता?’

‘बटणावर.’

‘आणि डावा?’

दादाची नजर गठ्ठ्यावर गेली. मघाशी बाहेर आलेलं कागदाचं टोक आता नीट आत बसलं होतं. ते कोणी आत सारलं ते त्याला आधी आठवेना, आणि मग आठवलं.

‘दादा?’

‘हं.’

‘बोटं मोज.’

एरवी त्यानं यावर चार विनोद केले असते. त्यानं दोन्ही हात दिव्याखाली धरले आणि अंगठ्यापासून एकेक बोट हलवून पाहिलं. डाव्या करंगळीशी येऊन थांबला.

‘साडेनऊ,’ तो म्हणाला.

‘म्हणजे सगळी आहेत,’ बाई म्हणाल्या. फाटकाशी बसलेली ती लहान मुलगी त्या फोनमध्ये रडत होती आणि दादा वेड्यासारखा नुसता ‘हो गं, हो’ म्हणत होता.

वहिनींनी पुन्हा हाक मारली. मी नेहमीच्या शब्दाची वाट बघत होतो. तो आला नाही. दादानं पाचर उपटली, कचऱ्यात टाकली आणि उठून आत गेला.

याला आता बरेच दिवस झाले. सरासरीसाहेबांना बढती मिळाली. ऑफिसात सरासरी काढली तर ती सगळ्यांनाच मिळाली आहे. बाई अजून तिथेच भांडतायत. माझा आराखडा अजून खुला आहे, आणि खुला आहे म्हणूनच बहुधा कोणी उघडून बघत नाही. तुमच्याकडे एकच मागणं आहे. तुमच्या लिफ्टमध्ये, गाडीच्या ब्रेकमध्ये, दवाखान्यातल्या यंत्रात माझ्यासारखा कोणीतरी बसलेला असतो. त्याचा वेग विचारू नका. सगळ्यात वाईट दिवशी तो किती वेळात धावून येतो ते विचारा, आणि उत्तर ‘लगेच’ असं आलं तर ‘लगेच म्हणजे किती’ असंही विचारा. लोक हसतील. हसू द्या.

‘अहो, चहा!’ वहिनींची हाक आली. माणसं काही एका संध्याकाळीत सुधारत नाहीत. दादा दोन्ही हात दोन्ही बटणांवर ठेवून, मान मागे वळवून ओरडतोय, ‘आलोच!’

म्हणू दे त्याला. इथे मी आहे.